साहेब घड्याळ लावून बसतात तेव्हा काय करावं

पर्स खाली ठेवायच्या आत साहेब टेबलाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आज सहा मिनिटं. काल चार होती." एवढं बोलून ते निघून गेले. आदल्या संध्याकाळी मी आठपर्यंत बसून महिन्याचा ताळेबंद जुळवला होता. तो जुळला का, हे त्यांनी विचारलं नाही. त्या सहा मिनिटांपायी माझी दुपारपर्यंतची सगळी सकाळ वाया गेली.

मी तेव्हा डोंबिवलीत राहत होते, ऑफिस लोअर परळला, काम अकाउंट्सचं. दीड वर्ष असंच चाललं. नंतर नोकरी बदलली, आणि काही वर्षांनी अकरा जणांची टीम माझ्या हाताखाली आली. म्हणजे हा प्रश्न मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. काम नीट करूनही पाच-दहा मिनिटांसाठी रोज बोलणी खावी लागतात, अशांसाठी हे लिहिते आहे. रोजच पाऊण तास उशीर होत असेल, तर तुमच्या कामाचा भाग फक्त पहिला आहे.

पंधरा दिवस काही बोलू नका, फक्त लिहा

वहीत किंवा मोबाइलमध्ये रोज सहा वेळा टिपायच्या: घर सोडलं, फलाटावर पोचले, गाडी आली, उतरले, ऑफिसच्या इमारतीच्या दारात आले, पंचिंग झालं. पुढे एका ओळीत उशिराचं कारण, आणि त्या दिवशी सकाळी पहिलं काम कोणतं होतं व ते कोणाला किती वाजता हवं होतं. हा शेवटचा रकाना लोक गाळतात. सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

माझी खात्री होती की दोष लोकलचा. डोंबिवलीहून फास्ट पकडून दादर, तिथून स्लोने करी रोड, मग चालत. पण लिहायला लागल्यावर निराळंच दिसलं. कामाच्या बारा दिवसांत गाडीमुळे उशीर झाला तो फक्त तीन दिवस. इमारतीच्या दारात मी बहुतेक दिवस ८ वाजून ५० मिनिटांच्या आगेमागे असायची. पंचिंगचं मशीन मात्र सहाव्या मजल्यावर होतं आणि त्या वेळी लिफ्टच्या रांगेत नऊ ते अकरा मिनिटं जायची. वर्षभर मी गाडीला बोल लावत होते आणि माझी वेळ लिफ्टखाली जात होती.

तुमच्याकडे कारण वेगळं निघेल. शेअर रिक्षाची रांग असेल, मुलाच्या शाळेची बस उशिरा येत असेल, पुलावरची गर्दी असेल. जे निघेल ते प्रामाणिकपणे मान्य करा. कारण घरातलं असेल, म्हणजे गजर, डबा, सकाळचं पाणी, तर ते आधी दुरुस्त करा आणि मगच साहेबांकडे जा. बारापैकी पाच दिवस आपल्याच ढिलाईने उशीर झालेला असताना "मला मान मिळत नाही" ही तक्रार टिकत नाही, ती कितीही खरी असली तरी.

एक गाडी आधीची पकडणं हा सरळ उपाय आहे, पण त्याची किंमतही मोजा. डोंबिवलीत सुटणारी लोकल आणि मागून भरून येणारी लोकल यांत वेळेचा फरक थोडा असतो, पोचल्यावर अंगात उरणाऱ्या त्राणाचा मोठा. पंधरा मिनिटं आधी निघून बसायला मिळत असेल तर मी तेच सुचवेन. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर ती पंधरा मिनिटं निघत नाहीत, आणि त्यात कमीपणाही नाही. मग मार्ग बोलण्याचाच उरतो.

मग कागद वाचा

अपॉइंटमेंट लेटर आणि एचआरची पॉलिसी काढा. तीन गोष्टी शोधा: कामाची लेखी वेळ, ग्रेस टाइम (उशीर धरला जात नाही ती मिनिटं) किती, आणि लेट मार्क लागल्यावर नेमकं काय होतं. "तीन लेट मार्कला हाफ डे" हे पुष्कळ ऑफिसांत तोंडी फिरतं. ते लिहिलेलं आहे का, आणि हाफ डे रजेतून जातो की पगारातून, हे पाहा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पगारातून कापण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होतं तेच तत्त्व वेतन संहिता, २०१९ मध्ये आलं आहे, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. गैरहजेरीसाठी करायची कपात ही गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणाबाहेर जाता कामा नये. हिशेब करून पाहा. पगार ३०,००० रुपये, महिन्याचे कामाचे दिवस २६, दिवसाचे ८ तास. दिवसाचे साधारण १,१५४ रुपये होतात, तासाचे १४४, दहा मिनिटांचे २४. महिन्यात तीनदा दहा मिनिटं उशीर झाला तर वेळेचे होतात ७२ रुपये. अर्धा दिवस कापला तर जातात ५७७. हा फरक आपल्याला माहीत हवा.

दंड ही तिसरीच गोष्ट. तो आधी जाहीर केलेल्या चुकांसाठीच लावता येतो, त्याआधी कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि त्या पगाराच्या काळातल्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त दंड घेता येत नाही.

आता दुसरी बाजू. आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या शर्तींसाठी सरकारने ठरवलेल्या नमुना नियमांत, 'सवयीने उशिरा येणं' हे गैरवर्तनाच्या यादीत फार पूर्वीपासून आहे. तेव्हा कायदा आपल्या रोजच्या उशिराची पाठराखण करील, अशा भरवशावर राहू नका. पहिल्या बोलण्यात कलमं काढूही नका. कलम ऐकलं की समोरचा माणूस बचावाला उभा राहतो आणि पुढचं काही ऐकत नाही. हे ज्ञान तूर्त आपल्यापाशी राहू द्या.

साहेबांना सकाळी नेमकं काय हवं असतं

ही पायरी मी सगळ्यात उशिरा शिकले, आणि मधलं सगळं दुःख त्यामुळेच लांबलं.

माझे साहेब रोज ९ ते ९ वाजून १० मिनिटं या वेळातच फेरी मारायचे. साडेनऊनंतर कोणी आलं तरी ते मान वर करून बघत नसत. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण मी त्यावर कधी विचार केला नव्हता. वहीतल्या शेवटच्या रकान्यामुळे मी चौकशी केली, तेव्हा कळलं की सव्वानऊला त्यांना दिल्लीच्या मुख्य कार्यालयातून रोज फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, काल वसुली किती झाली. तो आकडा माझ्या तक्त्यात असायचा. माझी खुर्ची रिकामी दिसली की त्यांना घाम फुटत असे. चिडत होते माझ्यावर, भीती मात्र त्या फोनची होती. त्यांचं सगळ्यांसमोर बोलणं याने योग्य ठरत नाही. पण कुठे हात घालायचा ते समजलं.

स्वतः टीम सांभाळायला लागल्यावर मला हे आतून कळलं. वरून प्रश्न आला आणि उत्तर हाताशी नसलं की माणूस मोजता येईल ते मोजू लागतो. कामाचा दर्जा पटकन मोजता येत नाही, मिनिटं मोजता येतात.

म्हणून आठवडाभर निरीक्षण करा. साहेब कोणत्या वेळी अस्वस्थ असतात? घड्याळ बघितल्यावर लगेच कोणत्या कामाबद्दल विचारतात? सगळ्यांना बोलतात की दोघा-तिघांनाच? त्यांच्या डोक्यावर नवीन साहेब आलेत का? शिस्तीचाच माणूस असेल, शाळेच्या घंटेसारखा, तर तो स्वतः रोज वेळेवर येतो आणि सगळ्यांना सारखं बोलतो. अशा माणसाबरोबर जमवणं सोपं असतं, कारण त्याचा नियम बदलत नाही. जो फक्त तुम्हालाच बोलतो त्याची गोष्ट निराळी, तिच्याकडे शेवटी येते.

बोलणं

ज्या सकाळी बोलणी खाल्ली त्या दिवशी बोलू नका. महिनाअखेर टाळा. चार-साडेचारनंतरची वेळ बरी, चहा झालेला असतो. आधी वेळ मागा: "सर, माझ्या येण्याच्या वेळेबद्दल बोलायचं होतं. आज किंवा उद्या पंधरा मिनिटं मिळतील का?" विषय आधीच सांगितला की त्यांना धास्ती राहत नाही.

सुरुवात आपल्या बाजूच्या खऱ्या गोष्टीने करा. मी असं म्हटलं होतं: "सर, गेल्या पंधरा दिवसांत मी आठ वेळा नऊनंतर पंच केलं. कारणं लिहून काढली आहेत. गाडीचा भाग थोडा आहे, मी आजपासून एक गाडी आधीची धरते आहे." एवढं बोलून पुढचा प्रश्न विचारला: "सकाळी नऊला माझ्याकडून तुम्हाला नेमकं काय हातात हवं असतं?"

हा प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. शांतता अवघड वाटते, आपण ती भरायला जातो, आणि मग सफाई देत सुटतो. तेव्हा साहेब जे बोलले ते मला दीड वर्षात कोणी सांगितलं नव्हतं. म्हणाले, "मला तो आकडा हवा असतो. बाकी तुम्ही कॅन्टीनमध्ये असा नाहीतर जागेवर."

मग आपला प्रस्ताव. मी म्हटलं, वसुलीचा तक्ता आदल्या संध्याकाळी सात वाजता फोल्डरमध्ये ठेवीन, रात्रीची बँकेची भर सकाळी ९ वाजून ५ मिनिटांपर्यंत टाकीन, आणि मी नसले तर शेजारच्या सहकाऱ्याला तो उघडता येईल. त्यानंतर एकच विनंती: "उशीर झाला तर मला आत बोलावून सांगा. सगळ्यांसमोर ऐकलं की पुढचे दोन तास आकड्यांवर लक्ष लागत नाही." अपमान, छळ असे शब्द या बैठकीत वापरू नका. ते खरे असले तरी त्यांची जागा पुढच्या पायरीवर आहे.

काही वाक्यं घशाशी येतील, ती गिळा. "मी रात्री आठपर्यंत बसते ते दिसत नाही का?" हे खरं आहे, पण आधी काढलं तर सौदा वाटतो. तेच शेवटी, मागणी म्हणून मांडा: संध्याकाळी थांबावं लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेनऊची मुभा मिळेल का. आणि "अमुक तर रोज उशिरा येतो" हे कधीही म्हणू नका. त्या अमुकचा लेट मार्क सुरू होतो, तुमचा थांबत नाही, आणि टीममधलं एक जोडलेलं माणूस तुटतं.

समोरून काय येऊ शकतं? "नियम म्हणजे नियम." यावर: "हो सर, नियम मी पाळते. उशीर झालाच तर काम अडू नये म्हणून ही सोय." "सगळ्यांना जमतं, तुम्हालाच का नाही?" यावर वही पुढे करा, आवाज चढवू नका. "नाही जमत तर सोडा नोकरी" असं आलं, तर तिथे उत्तर देऊ नका. "मी विचार करून येते सर," म्हणून उठा आणि तारीख, वेळ, शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा.

त्याच संध्याकाळी चार ओळींची मेल पाठवा. "सर, आज वेळ दिल्याबद्दल आभार. ठरलं ते असं: तक्ता आदल्या दिवशी ७ वाजता, भर सकाळी ९:०५ पर्यंत, मी उशिरा असल्यास आधी मेसेज. काही चुकलं असल्यास कळवा." यात तक्रार नाही, भावना नाही, फक्त ठरलेलं आहे. सहा महिन्यांनी अप्रेझलमध्ये 'वेळ पाळत नाहीत' असा शेरा आला तर हीच मेल कामी येते.

पुढचा महिना

एकच नियम: त्यांनी विचारायच्या आत त्यांना कळलं पाहिजे. गाडी अडकली की लगेच मेसेज, त्यात तीन गोष्टी, कुठे आहे, किती वाजता पोचेन, मधलं काम कोण बघेल. "कुर्ल्याजवळ गाडी थांबली आहे. ९:२५ पर्यंत पोचेन. तक्ता फोल्डरमध्ये आहे, बँकेचा फोन आला तर शेजारच्या टेबलावर जोडून द्यावा." कहाणी सांगू नका. मध्य रेल्वेच्या अधिकृत एक्स खात्यावर बिघाडाची सूचना आली असेल तर तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, मागितला तरच द्या.

सुरुवातीला साहेब तरीही फेरी मारतील. तीन-चार आठवडे लागतात. लागोपाठ वीस दिवस आकडा वेळेवर मिळाला की फोनची भीती जाते, आणि मग फेऱ्या विरळ होतात. माझ्या बाबतीत असंच झालं. अर्थात मध्ये एक दिवस तक्ता ठेवायला मी विसरले आणि पुन्हा चार दिवस जुनंच चक्र चाललं. ठरवलेली गोष्ट आपल्या हातून सुटू देऊ नका.

पावसाळ्याचं मे महिन्यातच बोलून घ्या. शीव, कुर्ला, माटुंगा इथे रुळांवर पाणी भरतं हे काही नवीन नाही. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या लाटांच्या भरतीचे दिवस मुंबई महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. ती यादी घेऊन जा आणि त्या दिवसांपुरतं घरून काम करू द्या अशी मागणी करा. ऐन पावसात सकाळी आठला केलेली विनंती सबब वाटते. तीच महिनाभर आधी केली तर नियोजन ठरतं.

आणि एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. रोजचेच प्रवासी, कामाला निघालेले. ऑफिसच्या वेळा पुढेमागे करा, अशी विनंती मध्य रेल्वे मुंबईतल्या आस्थापनांना करत आली आहे. गाडीत पाय ठेवायला जागा नसेल तर ती सोडा. लेट मार्क लागू द्या. तुमच्या ऑफिसात चार-पाच जण कल्याणपलीकडून येत असाल तर मिळून एचआरकडे जा आणि साडेनऊ ते सहा किंवा साडेआठ ते पाच अशा दोन पाळ्या मागा. एकट्याची मागणी सवलत वाटते, पाच जणांची व्यवस्था वाटते. आमचं पंचिंगचं मशीन असंच सहाव्या मजल्यावरून तळमजल्यावर आलं. चौघींनी आपापल्या वेळांचे कागद जोडून अर्ज दिला होता.

लाइव्ह लोकेशन आणि सेल्फी

काही साहेब मोबाइलवर लाइव्ह लोकेशन मागतात, किंवा ऑफिसच्या दारातला सेल्फी ग्रुपवर टाकायला सांगतात. फिरतीचं काम असेल आणि कंपनीच्या अॅपवर हजेरी लागत असेल तर तो नियमाचा भाग झाला. पण टेबलावरचं काम, पंचिंग मशीन असताना खासगी फोनवरून चोवीस तासांचं लोकेशन मागणं बरोबर नाही. सरळ नकार देण्याऐवजी लेखी विचारा: "सर, ही पद्धत सगळ्यांसाठी आहे का, एचआरच्या पॉलिसीत आहे का, म्हणजे त्याप्रमाणे करते." लेखी विचारल्यावर अशी मागणी बहुधा मागे पडते. नाहीच पडली तर ऑफिसला निघाल्यापासून पोचेपर्यंतच्या तासाभरापुरतंच द्या, पुढे बंद.

जेव्हा प्रश्न वेळेचा नसतोच

तुम्ही महिनाभर वेळेवर आलात, काम वेळेवर दिलं, तरी बोलणी थांबली नाहीत. दुसरा वीस मिनिटं उशिरा आला तर गप्प, तुम्ही दोन मिनिटं उशिरा आलात तर मेमो. प्रसूतीच्या रजेवरून परत आल्यावर, बढती मागितल्यावर किंवा एखादी चूक दाखवून दिल्यावर हे सुरू झालं असेल, तर मिनिटं हे निमित्त आहे. इथे समजुतीची भाषा पुरत नाही.

पंचिंगच्या नोंदी दर महिन्याला मागून किंवा उतरवून ठेवा. पगाराच्या पावत्या घरी ठेवा. प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं ते लिहा, त्याच दिवशी. एचआरला लिहिताना विशेषणं नकोत, आकडे द्या: "मागच्या तीस कामाच्या दिवसांत माझे दोन लेट मार्क आहेत, एकूण ७ मिनिटं. या काळात मला तीन मेमो मिळाले."

मेमो हातात आला तर घाबरून जागेवरच उत्तर लिहू नका. पोच म्हणून फक्त 'मिळाले' लिहून सही, तारीख आणि वेळ टाका. मुदत वाचा, ती नसेल तर दोन दिवस मागा. उत्तरात प्रत्येक तारखेला वेगळी ओळ द्या, किती मिनिटं, कारण काय, कोणाला कळवलं होतं. जे चुकलं ते मान्य करा. 'मी नेहमीच उशिरा येते, क्षमा असावी' असं मोघम लिहून देऊ नका, कारण 'सवयीने' हा शब्द तुम्हीच तुमच्या फाइलमध्ये घालून देता.

पगारातून प्रमाणाबाहेर कपात झाली असेल तर आधी एचआरला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा. नव्या संहितेत दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे नोकरी सोडून झाल्यावरही हक्क संपत नाही. युनियन असेल तर आधी तिथे जा, त्यांना त्या कार्यालयातली माणसं आणि पद्धत दोन्ही माहीत असतात.

शेवटी सोडायची वेळ आली तर रागाच्या सकाळी राजीनामा टाकू नका. रविवारी रात्री पोटात गोळा येतो, झोप तुटते, घरच्यांवर चिडचिड होते, असं दोन-तीन महिने चाललं की नवीन नोकरी शोधायला लागा, पण ती हातात आल्यावरच लिहा. त्याआधी वर्षभराच्या पगाराच्या पावत्या, हजेरीच्या नोंदी आणि अप्रेझलची पत्रं स्वतःच्या मेलवर घ्या, कारण राजीनाम्याच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीचं लॉगिन बंद झालेलं मी पाहिलं आहे. नोटीस पिरियडमध्ये मात्र रोज वेळेवर जा. रिलीव्हिंग लेटरआधी होकार अनेकदा त्याच साहेबांचा लागतो.